ग्राफिक्स कार्डच्या आधी एसएमपीएसचं लेबल वाच

«दादा, नमस्कार. मी मिरजेचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरचा पीसी २०१९चा आहे. आय५-९४००एफ प्रोसेसर, बी३६५ मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १०५० टीआयचं ४ जीबीचं कार्ड, २४० जीबीची एसएसडी, १ टीबीची हार्ड डिस्क, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस आणि १०८०पी, ६० हर्ट्झचा मॉनिटर. व्हॅलोरंट नीट चालतो. जीटीए ५मध्ये गाडी जोरात पळवली की मध्येच अडकतं. सायबरपंक २०७७ तर सगळ्यात लो सेटिंगवरही धड चालत नाही. शिकवण्या घेऊन ३०,००० रुपये जमवलेत. दुकानदार म्हणतो, आरटीएक्स ५०६० घे, बाकी कशाला हात लावू नकोस. मित्राकडे जुनं आरएक्स ५८० आहे, तो ७,०००ला द्यायला तयार आहे. ऑनलाइन आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात दिसतंय. ताईचं टॅलीचं सगळं काम याच पीसीवर चालतं, म्हणून भीतीही वाटते. काय घेऊ?»

तू सगळी माहिती दिलीस, अगदी एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटसोबत आला होता इथपर्यंत, त्यामुळे उत्तर सरळ देता येतं. आरएक्स ५८० घेऊ नकोस. आरएक्स ६५०० एक्सटी तर तुझ्या मदरबोर्डवर मुळीच नको. ५०६० कार्ड म्हणून चांगलं आहे, पण सगळे ३०,००० त्यात घालून बाकीचा पीसी आहे तसा ठेवणं मला पटत नाही. त्या पैशांतून आधी चांगला एसएमपीएस आणि रॅमची दुसरी स्टिक घे, आणि उरलेल्या पैशांत बसेल ते कार्ड घे. कोणतं, ते पुढे सांगतो.

त्याआधी तुझ्या दोन तक्रारी वेगळ्या करू, कारण त्यांची कारणं वेगळी आहेत. जीटीए ५ अडकतो आणि सायबरपंक हळू चालतो. जीटीए ५ हा मूळचा २०१३चा गेम, पीसीवर २०१५मध्ये आला. १०५० टीआयला तो १०८०पीवर बऱ्यापैकी पेलतो. गाडी जोरात पळवली की समोरचे रस्ते, इमारती, झाडं गेमला डिस्कवरून भराभर उचलावी लागतात. गेम हार्ड डिस्कवर असेल, आणि ८ जीबी रॅममध्ये विंडोज, ब्राउझर आणि गेम दाटीवाटीने बसले असतील, तर तेवढ्या वेगाने माल पोचत नाही आणि चित्र थबकतं. इथे ५०,०००चं कार्ड लावलंस तरी ते त्याच जागी थबकेल. तेव्हा एकही रुपया खर्च न करता आधी एवढं कर: एसएसडीवर जागा मोकळी कर आणि गेम तिकडे हलव. २४० जीबीत विंडोज आणि एक मोठा गेम बसतो. दोन बसवायचा हट्ट धरू नकोस, कारण एसएसडी काठोकाठ भरली की तीही मंदावते. खेळताना ब्राउझर बंद ठेव आणि फरक बघ.

सायबरपंकचं दुखणं खरोखर कार्डाचं आहे, आणि थोडं रॅमचंही. हा गेम काढणाऱ्या कंपनीने २०२३मध्ये किमान गरजा वाढवून जाहीर केल्या: जीटीएक्स १०६० ६ जीबी किंवा आरएक्स ५८० ८ जीबी, १२ जीबी रॅम, आणि हार्ड डिस्क नव्हे, एसएसडी. म्हणजे कार्ड आणि रॅम दोन्हींत तू किमान रेषेच्या खाली आहेस, आणि गेम हार्ड डिस्कवर असेल तर तिन्हींत. शिवाय तुझं कार्ड २०१६चं. त्या पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडियाने नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५पासून थांबवले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. कार्डाने तुला इतकी वर्षं उत्तम साथ दिली, पण ते बदलायची वेळ झाली आहे, यात मला शंका नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः मोजून बघ. एमएसआय आफ्टरबर्नर हा मोफत प्रोग्राम कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतो. त्यात जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर, कार्डाची मेमरी, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर, रॅम आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात तो आकडा) हे सगळं खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात दिसेल असं लाव. अर्धा तास खेळ आणि आकड्यांवर लक्ष ठेव. जीपीयू सतत ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर अडचण कार्डाची. जीपीयू ६०-७० टक्क्यांवर उतरतोय आणि प्रोसेसरचे कोअर पूर्ण भरलेत, तर अडचण प्रोसेसरची. रॅम साडेसात जीबीच्या वर गेली आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा विझतच नसेल, तर अडचण रॅमची. सायबरपंकमध्ये तुला पहिलं आणि तिसरं एकदम दिसेल असा माझा अंदाज आहे.

आता एसएमपीएस. यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण दुकानदाराने नेमकं यावरच मौन पाळलं आणि ताईचं काम ज्यामुळे धोक्यात येऊ शकतं ती वस्तू हीच आहे. कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असतं. त्या आकड्याकडे बघूच नकोस. पीसी बंद कर, प्लग काढ, कॅबिनेटची बाजूची पत्री उघड आणि एसएमपीएसवर चिकटवलेलं लेबल वाच. त्यात +१२ व्होल्टच्या खाली अँपिअरचा आकडा असतो. त्याला १२ने गुण. समजा तिथे १६ अँपिअर असतील, तर १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघंही याच १२ व्होल्टच्या तारेवर जगतात, बाकीचे वॉट त्यांच्या काही कामाचे नाहीत. तुझा प्रोसेसर ६५ वॉटचा, आणि जोर लावताना क्षणभर त्याहून जास्त खेचतो. मध्यम कार्ड धरलं तरी १३० वॉटचं. पंखे, डिस्क आणि मदरबोर्डचे आणखी ३०-४०. बेरीज सव्वादोनशेच्या वर जाते. आजवर हे निभावलं, कारण १०५० टीआय फक्त ७५ वॉटचं आहे आणि बहुतेक मॉडेलांत ते सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच घेतं, वेगळी तार लागतच नाही.

नव्या कार्डाला ती तार लागेल, बहुधा ८ पिनची. तुझ्या एसएमपीएसला ती नसेलच, आणि मग कुणीतरी तुला दोन मोलेक्स (जुने ४ पिनचे कनेक्टर) जोडून ८ पिन करणारा कन्व्हर्टर काढून देईल. घेऊ नकोस. ८ पिनच्या जोडणीतून १५० वॉटपर्यंत वीज जाते असं कार्ड धरून चालतं, आणि हलक्या एसएमपीएसच्या बारीक तारा तेवढ्यासाठी केलेल्याच नसतात. नशीब बरं असेल तर खेळताना पीसी आपोआप बंद होईल. नाहीतर एसएमपीएस जाताना मदरबोर्ड किंवा डिस्क सोबत घेऊन जाईल, आणि त्या डिस्कवर ताईच्या टॅलीचा डेटा आहे. नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवण्याचा) शिक्का असलेला ५५० वॉटचा एसएमपीएस घे. पाच वर्षांच्या वॉरंटीचे मिळतात. उद्या मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदललास तरी तो चालेल, म्हणून यातला एकही पैसा वाया जात नाही.

घरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, तेही वायरमनकडून एकदा तपासून घे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समज. यूपीएस असेल तर त्याचाही हिशेब कर: घरोघरी असतात ते ६०० व्हीएचे यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतात. मॉनिटर धरून तू त्याच्या बराच जवळ जाशील. लाइट गेल्यावर खेळत बसू नकोस, सेव्ह करून बंद कर.

रॅमचं थोडक्यात. तुझ्याकडे एकच स्टिक आहे, म्हणजे प्रोसेसर रॅमशी एकाच चॅनेलने बोलतोय. डीडीआर४ २६६६ला एका चॅनेलवर सेकंदाला साधारण २१ जीबी जातात, दोन स्टिक लावल्या की ४२ जीबी. तेव्हा दुसरी ८ जीबीची स्टिक लावलीस की रॅम दुप्पट होते आणि तिच्याकडे जाणारा रस्ताही दुप्पट होतो. सरासरी एफपीएस थोडे वाढतील, पण मधले झटके बरेच कमी होतील, आणि खेळताना जाणवतं ते तेच. ३२०० किंवा ३६००च्या स्टिकसाठी जादा पैसे मोजू नकोस, बी३६५ तिला २६६६वरच चालवणार. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले आहेत, त्यामुळे नवीन स्टिकचा भाव ऐकून दचकशील. इथे जुनी घ्यायला माझी काही हरकत नाही. रॅम सहसा बिघडत नाही. शक्य असेल तर तुझ्या स्टिकच्याच कंपनीची बघ, आणि लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवून सकाळी एकही चूक नाही ना ते पाहा. मदरबोर्डवर चार स्लॉट असतील तर पुस्तिकेत दाखवलेल्या जोडीतच लाव, नाहीतर दोन स्टिक असूनही चॅनेल एकच राहील.

आता कार्ड. ६५०० एक्सटी स्वस्त का आहे ते समजून घे, म्हणजे पुन्हा मोह होणार नाही. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डशी लेनमधून बोलतं. तुझ्या बोर्डचा स्लॉट १६ लेनचा, पण पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीचा आहे. तिसऱ्या पिढीत एका लेनमधून सेकंदाला साधारण १ जीबी जातो, चौथीत २. ६५०० एक्सटी चौथ्या पिढीचं आहे, आणि त्याला लेन फक्त ४ दिल्या आहेत. नव्या बोर्डवर त्याला ८ जीबीचा रस्ता मिळतो, तुझ्या बोर्डवर ४चा. त्यात मेमरी पुन्हा ४ जीबीच. सायबरपंकमध्ये ती भरली की उरलेला माल त्या ४ जीबीच्या वाटेने ये-जा करणार, जिथे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला १४४ जीबी आहे. सहापदरी हायवे संपून घाटातली एकेरी वाट लागावी, तसं होतं. खेळ रेकॉर्ड करायला लागणारा एन्कोडरही त्यात दिलेला नाही. आरएक्स ६४००ची गोष्ट हीच.

आरएक्स ५८० हे २०१७चं, १८५ वॉटचं कार्ड. मित्राच्या भावनेचा मान राखून सांगतो, ७,००० देऊन तू सायबरपंकच्या किमान रेषेवर पोचशील, तिच्या वर नाही. रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचं, हार्डवेअर त्यात नाही, आणि आता ते असल्याशिवाय सुरूच न होणारे गेम येऊ लागले आहेत. २०२५चा डूम: द डार्क एजेस हा त्यातलाच. तरीही घ्यायचंच ठरवलंस तर जीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये शेडरचा (चित्र रंगवणाऱ्या छोट्या युनिट्सचा) आकडा बघ. खऱ्या ५८०मध्ये २३०४ असतात. २०४८ दिसले तर ते नावाला ५८० आहे, आतून ५७०च्या बरोबरीचं. ही कार्डं क्रिप्टो मायनिंगमध्ये वर्षानुवर्षं दिवसरात्र राबलेली असतात. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि अशा कार्डांचे ढीग बाजारात आले. मायनिंगचं प्रत्येक कार्ड खराबच असतं असं मी म्हणत नाही, पण पंखे झिजलेले आणि मेमरी सतत तापलेली, हे धरूनच भाव करावा.

५०६० वेगवान आहे, १४५ वॉटमध्ये काम भागवतं. पण मेमरी ८ जीबी आणि लेन ८. तुझ्या बोर्डवर त्याचा रस्ता निम्म्यापेक्षाही अरुंद होतो. बऱ्याच गेममध्ये हे जाणवणार नाही, पण ८ जीबी मेमरी भरली की जाणवेल. आणि दुकानदार ज्या फ्रेम जनरेशनची महती सांगतो, त्याचा ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर तुला उपयोग नाही. मॉनिटर सेकंदाला ६०च फ्रेम दाखवतो. त्या ६० भरायला खऱ्या ३० आणि कार्डाने रचलेल्या ३० असं झालं, तर माउस जड लागतो. हे तंत्र मुळात ६० खरे एफपीएस मिळत असताना १२० किंवा १४४ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी चांगलं आहे.

तुझ्या जागी मी आधी आरटीएक्स ३०६० १२ जीबी शोधेन. २०२१चं कार्ड आहे, पण तुझ्या जुन्या बोर्डसाठी त्याची जोडी छान जमते: पूर्ण १६ लेन, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्येही रस्ता मोकळा, आणि मेमरी १२ जीबी, त्यामुळे ती भरायची वेळच सहसा येत नाही. डीएलएसएसची, म्हणजे आधी कमी बारकाईचं चित्र काढून मग ते मोठं करण्याची, सोय आहे. १७० वॉट खातं, ५५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसला ते काहीच नाही. घेताना खोक्यावर १२ जीबी लिहिलंय ना, हे डोळे उघडे ठेवून बघ. याच नावाने २०२२च्या शेवटी ८ जीबीचं कार्डही आलं. त्यात मेमरीचा रस्ता १९२ बिटवरून १२८वर आणला आहे आणि ते चांगलंच हळू आहे. १२ जीबीचं नवीन कार्ड पूर्ण वॉरंटीसह बजेटमध्ये बसलं नाही, तर आरएक्स ६६०० घे: ८ जीबी, १३२ वॉट, एकच ८ पिन. रे ट्रेसिंगमध्ये ते कच्चं आहे, पण रे ट्रेसिंग बंद ठेवून १०८०पीवर ते ३०६०च्या खांद्याला खांदा लावून चालतं. दोन्हींपैकी कुठल्याही कार्डावर सायबरपंक मीडियम-हाय सेटिंगला ६० एफपीएसच्या आसपास खेळता यावा.

आसपास म्हटलं, कारण ९४००एफमध्ये ६ कोअर आणि ६च थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं) आहेत. गर्दीच्या बाजारातून चालताना प्रोसेसर १०० टक्क्यांना टेकेल आणि एफपीएस पन्नासच्या खाली येतील. तिथे क्राउड डेन्सिटी लो कर, कार्डाला दोष देऊ नकोस. पुढे कधी जुना आय७-९७०० रास्त भावात मिळाला तर तो याच बोर्डवर बसतो, बायोस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) अपडेट करून घ्यायचा एवढंच. ते आता नको.

घ्यायला जाण्याआधी टेप घेऊन कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून पुढच्या डिस्कच्या खणापर्यंतचं अंतर मोज आणि कार्डाची लांबी कंपनीच्या साइटवर बघ. दोन पंख्यांची मॉडेलं बहुधा बसतात. तीन पंख्यांच्या मागे लागू नकोस. मॉनिटर डीव्हीआयच्या केबलने जोडला असेल तर एचडीएमआय केबलची सोय कर, नव्या कार्डांना डीव्हीआय नसतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर भाव कदाचित कमी मिळेल, पण बिघडल्यावर मिरजेहून तिथे कितीदा जाशील याचा विचार कर. सांगली-कोल्हापुरातला ओळखीचा दुकानदार थोडा महाग पडला तरी चालेल. कुठूनही घे, जीएसटीचं पक्कं बिल हवं आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर छापलेला हवा. बिल नको असेल तर कमी करतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पड.

बसवायचं काम तू स्वतः करू शकतोस. पहिलं म्हणजे ताईचा सगळा डेटा पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घे, आणि तो उघडतो का ते तिलाच दुसऱ्या पीसीवर बघू दे. मग जुने ड्रायव्हर डीडीयू प्रोग्रामने काढ, पीसी बंद कर, प्लग काढ, पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून धर. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालव आणि मग कार्डाला हात लाव. एसएमपीएस बदलताना जुन्याची एकही तार नव्याला वापरू नकोस, दिसायला सारखी असली तरी पिनांची जुळणी वेगळी असू शकते. तुझ्या प्रोसेसरच्या नावातला एफ म्हणजे त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्डाशिवाय पडद्यावर काहीच येणार नाही. म्हणून १०५० टीआय लगेच विकू नकोस. नवं कार्ड महिनाभर नीट चाललं की मग वीक. तोवर काही झालं तर ते लावून ताईचं काम दहा मिनिटांत सुरू करता येईल.

अजून विंडोज १० असेल तर त्याचे अपडेट ऑक्टोबर २०२५मध्ये बंद झाले. तुझा प्रोसेसर विंडोज ११ला चालतो, बायोसमध्ये इंटेल पीटीटी आणि सिक्युअर बूट हे सुरक्षेचे दोन पर्याय चालू करावे लागतील. विंडोज ११वर व्हॅलोरंटही या दोन्ही गोष्टी मागतो. मात्र हे आणि कार्ड एकाच दिवशी करू नकोस. काही बिनसलं तर कशामुळे, ते कळणार नाही. आधी एसएमपीएस आणि रॅम, दोन-तीन दिवसांनी कार्ड, आणि विंडोज त्यानंतर ताईच्या कामाला सुट्टी असेल तेव्हा.

लेबलवरचा अँपिअरचा आकडा आणि आफ्टरबर्नरमध्ये दिसलेले आकडे मला लिहून पाठव. जीपीयू ९५च्या खाली रेंगाळताना दिसला, तर कार्डाची खरेदी मी तुला थोडी पुढे ढकलायला सांगेन.